माहितीला पत्ता हवा: सुपरहिरो ट्रिव्हियात नव्यानं येणाऱ्यांसाठी

सुपरहिरोंच्या ट्रिव्हियाच्या ग्रुपमध्ये मी दिलेलं पहिलंच उत्तर चुकलं होतं. प्रश्न साधा होता: स्पायडरमॅनच्या पहिल्या गोष्टीत, मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते हे कोण म्हणतं? मी क्षणभरही न थांबता त्याच्या काकांचं नाव, 'अंकल बेन', असं लिहून मोकळा झालो. माझ्यासारखंच आणखी आठ-दहा जणांनी लिहिलं. थोड्या वेळानं एका जुन्या सदस्यानं त्या गोष्टीची शेवटची चौकट टाकली. अंधारात दूर जाणारी एकटी, सडपातळ आकृती आणि निवेदनाच्या पट्टीत ते वाक्य. बोलण्याचा फुगा नाही, कुणाच्या तोंडी नाही. ते लेखकाचं निवेदन आहे. अंकल बेनच्या तोंडी ते घातलं गेलं पुष्कळ नंतर, आणि आता सगळ्यांना तसंच आठवतं.

त्या चौकटीखाली त्यानं एकच ओळ लिहिली होती: 'अमेझिंग फँटसी, क्र. १५, ऑगस्ट १९६२, शेवटची चौकट.'

ही ओळ मला फार आवडली. वाद नाही, 'मला वाटतं' नाही, नुसता पत्ता. ज्याला शंका असेल त्यानं त्या पत्त्यावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. पुढं या छंदात जे काही शिकलो, ते सगळं या एका सवयीभोवतीच फिरतं. म्हणून नव्यानं येणाऱ्यांसाठी हा लेखही त्याच सवयीभोवती लिहितो आहे.

पायरी १: एकच पात्र धरा

नवा माणूस आला की त्याला सगळंच हवं असतं. मार्व्हल आणि डीसी या दोन कॉमिक कंपन्या, सिनेमे, मालिका, व्हिडिओ गेम. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा हा पसारा आहे आणि तो कुणाच्याच डोक्यात मावत नाही. जे ग्रुपमध्ये धडाधड उत्तरं देतात तेसुद्धा एखाद-दुसऱ्या पात्राचे किंवा एखाद्या दशकाचे जाणकार असतात.

एक पात्र घ्या. बॅटमॅन घेतलात असं समजू. आता 'बॅटमॅनची माहिती' गोळा करू नका, बॅटमॅन कसा कसा घडत गेला ते पाहा. तो पहिल्यांदा येतो डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात, मे १९३९. त्या गोष्टीत त्याच्या आईवडिलांच्या खुनाचा उल्लेखसुद्धा नाही. तो उल्लेख येतो ३३व्या अंकात, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. खुनी जो चिल हे नाव तर १९४८ साली, बॅटमॅन क्र. ४७ मध्ये मिळतं. गॉथम हे शहराचं नावही सुरुवातीला नव्हतं, ते बॅटमॅन क्र. ४ मध्ये आलं. त्याचा तरुण साथीदार रॉबिन आला एप्रिल १९४० मध्ये, डिटेक्टिव्ह क्र. ३८.

आपण ज्याला 'बॅटमॅनची गोष्ट' म्हणतो तिचे तुकडे असे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या हातांनी येऊन बसले आहेत. एवढं एका पात्राच्या बाबतीत नीट पाहिलंत की दुसऱ्या कुठल्याही पात्राकडे बघण्याची नजर आपोआप तयार होते.

आणि हे हात कुणाचे, तेही लक्षात ठेवा. बॅटमॅनच्या अंकांवर कित्येक दशकं फक्त बॉब केन यांचं नाव असायचं. बिल फिंगर यांनी त्या पात्राला पोशाखापासून गोष्टीपर्यंत आकार दिला, पण निर्मितीचं अधिकृत श्रेय त्यांना मिळालं २०१५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी. सुपरमॅनचे जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी पहिल्या गोष्टीबरोबर पात्राचे हक्कही १३० डॉलरला देऊन टाकले होते. 'बॅटमॅन कुणी निर्माण केला?' या प्रश्नाला नुसतं 'बॉब केन' असं उत्तर आलं तर मी दुसरं नाव आवर्जून जोडतो. तुम्हीही जोडा. ट्रिव्हियातून एवढा तरी न्याय आपल्या हातून व्हावा.

पायरी २: पत्ता लिहायला शिका

पूर्ण पत्त्यात मालिकेचं नाव, अंक क्रमांक आणि साल या तीन गोष्टी हव्यात. गोष्ट कॉमिकमधली नसेल तर माध्यमही.

साल का लागतं? कारण अंक क्रमांक पुन्हा पुन्हा १ पासून सुरू होतात. बॅटमॅन क्र. १ हा १९४० साली निघाला, २०११ साली निघाला, २०१६ सालीही निघाला. 'बॅटमॅन क्र. १ मध्ये जोकर पहिल्यांदा येतो' हे १९४०च्या अंकाबद्दल खरं आहे. साल न लिहिता हे वाक्य टाकलंत की कुणीतरी २०११चा अंक उघडून तुम्हाला खोटं पाडणार, आणि त्याचंही बरोबरच असणार.

तारखेत आणखी एक खाच आहे. अंकाच्या मुखपृष्ठावर छापलेला महिना आणि अंक प्रत्यक्ष विक्रीला आलेला महिना हे एक नसतात. विक्रेत्यानं अंक कधीपर्यंत मांडून ठेवायचा ते कळावं म्हणून पुढचा महिना छापायची पद्धत होती. सुपरमॅनचा पहिला अंक, अ‍ॅक्शन कॉमिक्स क्र. १, याच्या मुखपृष्ठावर जून १९३८ आहे, पण तो लोकांच्या हातात पडला एप्रिलमध्ये. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ आहे, तो विकला गेला डिसेंबर १९४० मध्ये. म्हणजे 'कॅप्टन अमेरिका कोणत्या वर्षी आला?' याची दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही देणारे छातीठोकपणे सांगत असतात. भांडण मिटवायचा उपाय एकच: 'मुखपृष्ठावरची तारीख' असं स्पष्ट लिहायचं. बहुतेक चाहते तीच धरतात.

आता माध्यम. क्रिप्टोनाइट म्हटलं की सुपरमॅन आठवतो, पण हा दगड कॉमिकमध्ये जन्मलाच नाही. तो १९४३ साली रेडिओवरच्या मालिकेत आला आणि कॉमिकच्या पानावर उतरायला १९४९ उजाडलं. जोकरची साथीदार हार्ली क्विन हिचंही तसंच. ती सप्टेंबर १९९२ मध्ये बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेशन मालिकेत पहिल्यांदा दिसली, पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांची निर्मिती, तीही एका भागापुरती. पुढच्या वर्षी त्या मालिकेवर आधारित कॉमिकमध्ये आली. मुख्य डीसी विश्वात तिला जागा मिळाली १९९९ साली. 'हार्ली क्विनचं पहिलं कॉमिक कोणतं?' आणि 'हार्ली क्विन पहिल्यांदा कुठं दिसली?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. नवे लोक इथं हमखास अडकतात.

पायरी ३: 'पहिलं दर्शन' म्हणजे नेमकं काय, ते ठरवून घ्या

सगळ्यांत जास्त वाद याच मुद्द्यावर होतात, त्यामुळे इथं जरा थांबू.

वुल्व्हरिन घ्या. ऑक्टोबर १९७४चा द इन्क्रेडिबल हल्क क्र. १८०. अख्खा अंक वाचून होतो, हल्क दुसऱ्याच मारामारीत गुंतलेला असतो, आणि अगदी शेवटच्या चौकटीत पिवळ्या-निळ्या पोशाखातला एक बुटका माणूस नखं परजून उडी घेताना दिसतो. बस, एक चौकट. खरी मारामारी, मुखपृष्ठ, सगळं पुढच्या अंकात, क्र. १८१, नोव्हेंबर १९७४. संग्राहक १८१ला डोक्यावर घेतात आणि १८०ला 'कॅमिओ', म्हणजे ओझरतं दर्शन, म्हणतात. काही जण मात्र ठामपणे सांगतात की दिसला म्हणजे दिसला, एक चौकट असो की शंभर.

माझं मत विचाराल तर प्रश्नाच्या शब्दांत उत्तर असतं. 'पहिल्यांदा कोणत्या अंकात दिसला' असं विचारलं असेल तर १८०. 'पहिलं पूर्ण दर्शन' असेल तर १८१. प्रश्न विचारणाऱ्यानंच शब्द नीट वापरले तर पन्नास संदेशांचा वाद वाचतो.

स्पायडरमॅनचा शत्रू व्हेनम याची गाठ याहून घट्ट आहे. स्पायडरमॅनचा काळा पोशाख त्याला कसा मिळाला हे सीक्रेट वॉर्स क्र. ८ मध्ये आहे, डिसेंबर १९८४. पण तो पोशाख घालून तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेझिंग स्पायडरमॅन क्र. २५२ मध्ये आधीच फिरायला लागला होता. घटनेच्या क्रमानं पाहिलं तर आधी सीक्रेट वॉर्स, छपाईच्या क्रमानं पाहिलं तर आधी २५२. शिवाय तो पोशाख म्हणजे व्हेनम नव्हे. एडी ब्रॉक नावाच्या माणसाच्या अंगावर चढून व्हेनम म्हणून तो पूर्णपणे दिसतो क्र. ३०० मध्ये, मे १९८८, आणि त्याची झलक त्याच्या आदल्या अंकात आहे. काळ्या पोशाखाची मूळ कल्पना एका वाचकानं पाठवली होती आणि कंपनीनं ती २२० डॉलरला विकत घेतली होती, हे माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टींपैकी एक. वाचकाच्या डोक्यातून निघालेली कल्पना एवढी मोठी होऊ शकते!

पायरी ४: चार शब्द आणि त्यांचे अर्थ

हे पटकन उरकू. 'कंटिन्युइटी' म्हणजे गोष्टींची सलगता, आधीच्या अंकात घडलेलं पुढच्या अंकात खरं मानणं. 'कॅनन' म्हणजे अधिकृत धरलेल्या गोष्टी. 'रीबूट' म्हणजे पाटी पुसून नव्यानं सुरुवात. आणि 'रेटकॉन' म्हणजे आधी घडलेल्या गोष्टीचा अर्थ मागाहून बदलणं.

रेटकॉन एका उदाहरणानं कळेल. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच हे भाऊबहीण मार्च १९६४ मध्ये एक्स-मेन क्र. ४ मध्ये आले, तेव्हा ते मॅग्नेटो या खलनायकाच्या टोळीतले होते, त्याची मुलं नव्हते. १९८०च्या दशकात तो त्यांचा बाप असल्याचं उघड झालं. २०१४ साली ते नातंही खोटं ठरवलं गेलं. आता 'स्कार्लेट विचचे वडील कोण?' असं कुणी विचारलं तर आधी विचारा: कोणत्या सालापर्यंतच्या गोष्टी धरायच्या?

चाहत्यांमध्ये एक जुनं वाक्य फिरायचं, की कॉमिकमध्ये बकी (कॅप्टन अमेरिकाचा साथीदार), जेसन टॉड (दुसरा रॉबिन) आणि अंकल बेन सोडून कुणीच कायमचं मरत नाही. २००५च्या सुमारास बकी विंटर सोल्जर होऊन परतला आणि जेसन टॉड रेड हूडच्या मुखवट्याआडून. उरले अंकल बेन.

पायरी ५: खातरजमा कुठं करायची

ग्रँड कॉमिक्स डेटाबेस ही स्वयंसेवकांनी चालवलेली सूची पहिली उघडा. अंक क्रमांक, मुखपृष्ठाची तारीख, लेखक-चित्रकार, पुनर्मुद्रणं, सगळं तिथं अंकवार सापडतं. चाहत्यांनी लिहिलेले विकी उपयोगी आहेत, पण ते पोचण्याचा रस्ता म्हणून वापरा. विकीवर वाक्य सापडलं की त्याच्या तळटीपेतला अंक बघा आणि जमेल तर तो अंक उघडा. मार्व्हल अनलिमिटेड आणि डीसी युनिव्हर्स इन्फिनिट या दोन्ही कंपन्यांच्या वर्गणीच्या सेवांवर जुने अंक वाचायला मिळतात. चौकट स्वतः पाहिल्यावर जो विश्वास येतो तो दहा लेख वाचून येत नाही.

'तुम्हाला माहीत आहे का?' छाप चित्रं आणि दहा-दहा गोष्टींच्या याद्या यांच्यावर विसंबू नका. एकानं चूक केली की बाकीचे तीच उचलतात आणि शंभर ठिकाणी दिसल्यामुळे ती खरी वाटू लागते. चॅटबॉटला विचारलंत तर मिळालेला अंक क्रमांक स्वतः तपासल्याशिवाय पुढं पाठवू नका. तो न चाचरता खोटा क्रमांकही देऊ शकतो.

काही प्रश्नांना एकच उत्तर नसतं, हेही खातरजमा करतानाच कळतं. जोकरचं हसू मूकपटातल्या कॉनराड फाइट या नटाच्या चेहऱ्यावरून घेतलं यावर एकमत आहे. पण जोकर नेमका कुणाच्या डोक्यातून निघाला यावर बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन यांचं आपसातच कधी जुळलं नाही. अशा ठिकाणी 'यावर मतभेद आहेत' असं लिहिणं हेच बरोबर उत्तर.

पायरी ६: प्रश्न रचायला शिका

उत्तरं देणं सोपं आहे, चांगला प्रश्न रचणं ही खरी कारागिरी. एक प्रश्न माझ्यासमोर घडत गेला तो तसाच्या तसा दाखवतो.

एका नव्या सदस्यानं विचारलं: 'रॉबिनला कुणी मारलं?'

लगेच उलट प्रश्न आले. कोणता रॉबिन? डिक ग्रेसन, जेसन टॉड, टिम ड्रेक, स्टेफनी ब्राउन, डेमियन वेन, किती तरी जण रॉबिन झाले आहेत. कोणत्या विश्वातला? सिनेमातला की कॉमिकमधला? प्रश्नाला ना शेंडा ना बुडखा. त्यानं तो सुधारला: 'जेसन टॉडला कुणी मारलं?' आता उत्तर एकच, जोकर. पण ते ज्याला माहीत आहे त्याला सेकंदात येतं, ज्याला नाही त्याला शोधायला धागाच नाही.

मग दोघातिघांनी मिळून तो असा केला: '१९८८ साली एका पात्रानं जगावं की मरावं हे वाचकांनी फोनवर मतं देऊन ठरवलं. ते पात्र कोण, आणि निकाल किती मतांच्या फरकानं लागला?'

यात साल आहे, त्यामुळे शोधणाऱ्याला सुरुवात मिळते. पात्राचं नाव काढून घेतल्यामुळे कोडं शिल्लक राहतं. दुसरा भाग जाणकारांना विचार करायला लावतो. आणि उत्तर कळल्यावर माणूस थबकतो: मारा म्हणणारी ५,३४३ मतं, वाचवा म्हणणारी ५,२७१. बहात्तर मतांनी जेसन टॉड गेला. बॅटमॅन क्र. ४२८. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या छत्तीसेक लोकांचा विचार बराच वेळ मनात राहिला, ज्यांनी उलट मत दिलं असतं तर तो वाचला असता.

चांगल्या प्रश्नाच्या उत्तरानंतर अशी एखादी गोष्ट हाती लागायला हवी. नुसत्या आकड्यासाठी विचारलेले प्रश्न, म्हणजे 'अमुक अंक किती पानांचा होता?' छापाचे, कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आणखी एक सापळा सांगतो. 'ग्रीन लँटर्नची कमजोरी कोणती?' असं विचारलंत तर निम्मे लोक 'पिवळा रंग' म्हणतील आणि निम्मे 'लाकूड'. दोघंही बरोबर. १९४० सालचा अ‍ॅलन स्कॉट लाकडापुढं हतबल होता, १९५९ साली आलेला हॅल जॉर्डन पिवळ्या रंगापुढं. एकाच नावाखाली अनेक माणसं हा या जगाचा नियमच आहे. फ्लॅश म्हटलं तर १९४०चा जे गॅरिक की १९५६चा बॅरी अ‍ॅलन? कॅप्टन मार्व्हल म्हटलं तर अजूनच पंचाईत. १९४० साली फॉसेट या प्रकाशनाचा कॅप्टन मार्व्हल आला, 'शॅझम' म्हणून वीज अंगावर घेणारा. तो सुपरमॅनची नक्कल आहे म्हणून त्याच्यावर खटला झाला, १९५३ साली तडजोड होऊन तो बंद पडला. नाव मोकळं राहिलं आणि १९६७ साली मार्व्हलनं स्वतःचा कॅप्टन मार्व्हल काढला. म्हणून जुना नायक नंतर डीसीच्या अंकांतून परतला तेव्हा त्याच्या मालिकेच्या मुखपृष्ठावर 'शॅझम' लिहावं लागलं. प्रश्नात पात्राचं खरं नाव किंवा साल, दोन्हींपैकी एक तरी घाला.

पायरी ७: खलनायकांकडे वळा

नवे लोक नायकांचेच प्रश्न घेऊन येतात. माझा अनुभव असा की खलनायकांच्या खात्यात जास्त माल आहे, कारण त्यांना घडवताना लेखकांनी पुष्कळ गोष्टी बदलल्या, सोडल्या, पुन्हा उचलल्या.

सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर १९४० साली अ‍ॅक्शन कॉमिक्स क्र. २३ मध्ये आला तेव्हा त्याच्या डोक्यावर लालभडक केस होते. वर्षभरात चित्रात त्याला टक्कल पडलं आणि तेच राहिलं. केस का गेले याचं कारण गोष्टीत सांगितलं गेलं ते थेट १९६० साली. बॅटमॅनचा शत्रू टू-फेस १९४२ साली आला तेव्हा त्याचं नाव हार्वी केंट होतं. सुपरमॅनच्या 'क्लार्क केंट' या नावाशी गोंधळ नको म्हणून ते हार्वी डेंट झालं. रेड स्कल कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकात आहे, पण त्या मुखवट्यामागचा माणूस नंतरच्या गोष्टींतला जोहान श्मिट नाही, जॉर्ज मॅक्सन नावाचा उद्योगपती आहे. आणि त्या अंकात कॅप्टनची ढालही गोल नाही. ती त्रिकोणी आहे, दुसऱ्या अंकापासून गोल झाली.

जोकर तर बॅटमॅन क्र. १ मध्येच मरणार होता. शेवटी स्वतःच्याच सुऱ्यानं भोसकला जातो, अशी गोष्ट लिहून झाली होती. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी तो जिवंत असल्याची चौकट ऐन वेळी जोडायला लावली. एका चौकटीनं पुढची सगळी दशकं वाचवली.

पण खलनायकांमध्ये माझा जीव जडला आहे तो मिस्टर फ्रीझवर. १९५९ साली बॅटमॅन क्र. १२१ मध्ये तो मिस्टर झिरो नावानं आला, बर्फाची बंदूक घेऊन हिरे लुटणारा एक किरकोळ चोर. १९६६च्या टीव्ही मालिकेनं त्याला फ्रीझ हे नाव दिलं. आणि १९९२ साली, अ‍ॅनिमेशन मालिकेच्या एका भागात पॉल डिनी यांनी त्याला नोरा दिली. आजारी बायको, तिला वाचवण्यासाठी गोठवून ठेवणारा शास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतला तो अपघात. बावीस मिनिटांच्या एका भागानं चोराचं शोकान्त पात्र केलं आणि कॉमिकनंही ते मुकाट्यानं स्वीकारलं. 'मिस्टर फ्रीझच्या बायकोचा पहिला उल्लेख कुठं?' हा प्रश्न टाकून बघा. १९५९ असं सांगणारे पुष्कळ निघतील.

पायरी ८: चूक दाखवायची रीत

चूक दिसली की ती दाखवा, फक्त पत्त्यासकट दाखवा. 'चूक. नीट वाच' असं लिहिणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी काही विचारत नाही. 'हे आधी मलाही तसंच वाटायचं, पण हल्क क्र. १ मध्ये तो करडा आहे, हिरवा क्र. २ पासून, कारण छपाईत करडा रंग सारखा उतरत नव्हता' असं लिहिलंत की चुकलेल्यालाही काहीतरी मिळतं.

याची परंपरा जुनी आहे. मार्व्हलच्या अंकांत वाचकांच्या पत्रांची पानं असत आणि वाचक डोळ्यांत तेल घालून चुका काढत. १९६०च्या दशकात मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांनी त्यासाठी 'नो-प्राइझ' सुरू केलं. जिंकणाऱ्याला कंपनीकडून पाकीट यायचं, वर अभिनंदन छापलेलं, आत काहीच नाही. लोक ती रिकामी पाकिटं जपून ठेवत. यातली खरी मौज पुढं आली: नुसती चूक दाखवण्याला मोल उरलं नाही, ती चूक मुळात चूक कशी नाही याचं पटेल असं स्पष्टीकरण दिलं तर पाकीट मिळू लागलं.

याच पत्रांच्या काळात ब्रूस बॅनरला, म्हणजे ज्याचा हल्क होतो त्या माणसाला, काही अंकांत चुकून 'बॉब बॅनर' म्हटलं गेलं. वाचकांनी धरलंच. मग त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं जाहीर झालं आणि आज तेच अधिकृत आहे. एका चुकीतून पात्राला आणखी एक नाव मिळालं.

तुमच्या ग्रुपमध्ये हा खेळ जरूर खेळा. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूची गोष्ट घ्या, अमेझिंग स्पायडरमॅन क्र. १२१, जून १९७३. संवादात पुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज आहे आणि चित्रात दगडी कमानींचा ब्रुकलिन ब्रिज. याचं स्पष्टीकरण काय देता येईल? आणि त्याच पानावर ग्वेनच्या मानेजवळ लहानशा अक्षरांत लिहिलेला 'स्नॅप' हा आवाज शोधा. स्पायडरमॅनचं जाळं तिला खाली पडण्यापासून धरतं, त्या क्षणाचा तो आवाज आहे. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो आणि त्यालाच माहीत नसतं की आपण काय वाचलं.

पायरी ९: थोडी शिस्त

नव्या अंकातला किंवा सिनेमातला उलगडा निदान काही आठवडे तरी झाकून ठेवा, आणि प्रश्नातच तो फुटणार नाही याची काळजी घ्या. 'अमुकच्या मृत्यूनंतर तो पोशाख कुणी घातला?' हा प्रश्न वाचणाऱ्याला उत्तराआधीच धक्का देतो. शोधून उत्तर द्यायचं की आठवणीतून, हे फेरीच्या सुरुवातीला ठरवा. शोधून दिलं असेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. पुरावा म्हणून एखादी चौकट पुरते, अख्खे अंक फिरवू नका. आणि कुणी सिनेमा पाहून आला असेल तर त्याला कमी लेखू नका. आपल्यातले पुष्कळ जण तसेच आलो आहोत.

पायरी १०: वही उघडा, पहिला प्रश्न टाका

एक वही किंवा फाइल ठेवा. डावीकडे गोष्ट, उजवीकडे पत्ता. ज्याला पत्ता मिळाला नाही त्यापुढं प्रश्नचिन्ह. महिनाभरानं ती प्रश्नचिन्हं बघा, त्यातच तुमचे पुढचे प्रश्न दडलेले असतात.

पहिल्या दिवसासाठी दोन तयार प्रश्न देतो, वहीत पत्त्यासकट उतरवून घ्या. 'आयर्न मॅनचं पहिलं चिलखत कोणत्या रंगाचं होतं?' करडं, टेल्स ऑफ सस्पेन्स क्र. ३९, मार्च १९६३. पुढच्याच अंकात त्यानं ते सोनेरी रंगवलं, लाल-सोनेरी जोडी आली क्र. ४८ मध्ये. 'सुपरमॅन पहिल्या अंकात किती उंच उडत होता?' तो उडतच नव्हता, उड्या मारत होता: एक अष्टमांश मैल लांब, वीस मजली इमारतीवरून पलीकडे. अ‍ॅक्शन कॉमिक्स क्र. १, जून १९३८, पहिलंच पान.

यातला दुसरा आधी टाका. उत्तरं येऊ लागली की दोन-तीन तास गप्प राहा, कुणीतरी ते पान शोधून आणतंच.